गाळा, खाणावळ आणि भोंगा: नव्या शहरात माणूस रुळतो कसा?



इअरफोन कानात आहेत ना? मग आज आपण लोअर परळला जाऊया. मॉल आणि काचेच्या ऑफिसांच्या आजच्या लोअर परळला नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या. पण त्याआधी एक प्रश्न. नव्या शहरातली तुमची पहिली रात्र आठवते का?

मला माझी आठवते. पीजीमधली एक कॉट, शेजारी दोन अनोळखी मुलं, दोघंही मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. जेवायला कुठे जायचं हे विचारायचीसुद्धा लाज वाटत होती. आईचा फोन आला, "जेवलास का रे?" मी म्हटलं, "हो, जेवलो." खरं तर बॅगेतल्या चार चकल्या खाऊन वर पाणी प्यायलो होतो.

पुढचे दोन-तीन महिने मला वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. बाकीचे पटापट मिसळतात आणि आपण घुमे, गावंढळ. नवीन जागी रुळणं हा स्वभावाचा भाग आहे, ज्याला जमतं त्याला जमतं, अशी माझी पक्की समजूत होती.

मग एकदा १९२१ च्या जनगणनेतले मुंबईचे आकडे वाचनात आले. तेव्हा शहराची लोकसंख्या होती पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि दर पाच माणसांतले चार जण शहराबाहेर जन्मलेले. म्हणजे जवळजवळ अख्खं शहरच 'नवीन' होतं! एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले लोक दोन लाखांहून जास्त. आता या लाखो लोकांमध्ये घुमेही असणार, लाजरेही असणार. सगळ्यांचा स्वभाव काही मनमोकळा नसणार. तरी ते राहिले, टिकले आणि पुढे 'मुंबईकर' झाले. ते कसं काय?

आजच्या भागात याच प्रश्नाचं उत्तर शोधूया.

साल १९२६, तुमचं वय १८

समजा, साल आहे १९२६. तुम्ही १८ वर्षांचे. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो थेट १९८१ मध्ये. घरात भातशेती आहे, पण तुकडे पडलेली. पीक वर्षातून एकदाच. वर खोताचं देणं. घरात तीन भाऊ, आणि जमीन धड एकालाही न पुरणारी.

मग घरात ठरतं, मधल्याला मुंबईला पाठवायचा.

आज आपण रात्री ट्रेनमध्ये बसतो आणि सकाळी पोचतो. पण कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला १९९८ मध्ये. १९२६ मध्ये जायचं म्हणजे बोटीने. आगबोट बंदराच्या बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथपर्यंत पडावातून जायचं. सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आईने बांधून दिलेली भाकरी-चटणी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. त्यामुळे 'नाही जमलं तर येईन परत' हे म्हणायला सोपं होतं, करायला नाही.

मुंबईत गिरण्यांना सुरुवात झाली होती १८५४ मध्ये. कावसजी नानाभाई दावर यांनी त्या वर्षी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी चालू झाली. तुम्ही पोचता तोवर शहरात सुमारे ८० गिरण्या आहेत आणि त्यांत दीड लाखाच्या आसपास माणसं काम करतात. परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, भायखळा... जिकडे बघावं तिकडे धुराडी. या सगळ्या पट्ट्याला लोक म्हणायचे गिरणगाव.

हा शब्द एकदा नीट ऐका. गिरण-*गाव*. शहराच्या मधोमध असलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याला लोकांनी 'गाव' म्हटलं. आजच्या गोष्टीचं अर्धं उत्तर या शब्दातच आहे.

गाळा: एक खुंटी, एक ट्रंक आणि झोपण्यापुरती जागा

बोटीतून उतरल्यावर तुम्ही जाता कुठे? हॉटेलात? भाड्याची खोली शोधायला? छे. तुमच्या खिशात एका चिठ्ठीवर पत्ता आहे, तुमच्याच गावाच्या खोलीचा.

हो, गावाच्या खोलीचा! कोणी तिला गाळा म्हणायचं, कोणी गावकीची खोली, कोणी बैठकीची खोली. कल्पना साधी. एका गावातल्या पुरुषांनी मिळून चाळीतली एक खोली घ्यायची. भाडं वर्गणीतून. भिंतीवर ग्रामदैवताची तसबीर. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. प्रत्येकाच्या वाट्याला एक खुंटी, ट्रंक ठेवायला कोपरा आणि रात्री वळकटी पसरण्यापुरती जमीन. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत, नाहीतर रस्त्यावर झोपायचे. पुढे गिरण्यांमध्ये रात्रपाळ्या सुरू झाल्या, तेव्हा एकाची झोपण्याची जागा दुसरा कामाला गेला की मोकळी व्हायची.

आता यात रोमँटिक काही नाही. ढेकूण होते, संडासापुढे रांग होती, एकाला खोकला झाला की दहा जणांना होत होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा अशा दाटीच्या वस्त्यांनी काय भोगलं याच्या नोंदी आहेत. लाखो लोक तेव्हा शहर सोडून पळाले. म्हणून गाळ्याला आपण उगाच डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही.

पण १८ वर्षांच्या त्या मुलाच्या जागी उभे राहून बघा. दारात पोचताच कोणीतरी मालवणीत विचारतं, "कधी इलंस? जेवलंस?" त्याला खोटं बोलावं लागत नाही. कारण विचारणाऱ्याला त्याची आई माहीत आहे, त्याचं घर माहीत आहे, घरामागचा फणससुद्धा माहीत आहे.

या खोलीला नियम होते. वर्गणी महिन्याच्या महिन्याला. दारू पिऊन धिंगाणा घातला तर सगळ्यांसमोर बोलणी. नोकरी नसलेल्याला काही दिवस सवलत, पण कायमची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम कुठेच लिहिलेला नव्हता: तू इथे काय करतोस ते गावाला कळतं. ही सोयही होती आणि पाळतही होती. आजच्या फॅमिली व्हॉट्सअप ग्रुपसारखं म्हणा ना!

आणि ही पद्धत काही एकट्या कोकणाची नव्हती. घाटावरच्या लोकांच्याही खोल्या होत्या. कोल्हापूरकडच्या आजरा, चंदगड या भागांतल्या गावांचे गाळे मुंबईत होते. गोव्याहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांची व्यवस्था तर थक्क करणारी. तिला म्हणायचे कूड. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाच्या नावाचे क्लब असायचे. बोटीवर खलाशी किंवा आचारी म्हणून काम करणारा गोंयकार दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे राहायचा. ओळीने लावलेल्या ट्रंका, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. तसबिरीतला देव वेगळा, जेवणातला मासा मात्र तोच. आणि कल्पनाही तीच: गाव सोडताना गावाचा एक तुकडा बरोबर न्यायचा.

खाणावळ: ओळखीची चव

राहायची सोय झाली. जेवणाचं काय?

इथे आणखी एक आकडा सांगतो. १९२१ मध्ये मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे हे प्रामुख्याने एकट्या राहणाऱ्या पुरुषांचं शहर होतं. बायका-मुलं गावी. पगारात दोन चुली पेटत नव्हत्या, आणि गावची जमीन कसायला, म्हाताऱ्यांना बघायला कोणीतरी लागतंच. अण्णाभाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड गावाकडे राहिलेल्या बायकोच्या याच ताटातुटीतून उभी राहते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तिला आणखी एक अर्थ मिळाला, पण तिच्या पोटातलं दुखणं गिरणगावातल्या हजारो घरांचं होतं. अण्णाभाऊ स्वतः १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले होते. हे त्यांनी ऐकलेलं नव्हतं, बघितलेलं होतं.

तर या एकट्या पुरुषांना जेवू घालायचं कोणी? बायकांनी. ज्या थोड्या बायका चाळीत होत्या, त्यांतल्या अनेकींनी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ सुरू केली. कोणाचा नवरा आजारी, कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा पगार पुरत नाही. पहाटे उठून पाणी भरायचं, दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करायचा, पाळीप्रमाणे जेवायला वाढायचं, कोणाचा डबा गिरणीच्या दारात पोचवायचा. पैसे महिन्याच्या शेवटी, पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी बाईच्या अंगावर.

आणि खाणावळीतही गाव असायचं बरं का! कोकणातल्या माणसाला भात आणि सुकट हवी, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत कालवण. त्यामुळे माणूस आपल्याकडच्या चवीची खाणावळ शोधायचा. परमुलखात जीभ शेवटी रुळते, हे तुम्हालाही माहीत असेल. बेंगळुरूत राहून आईच्या हातच्या आमटीची आठवण काढणारे किती जण आत्ता हे ऐकतायत?

या बायकांकडे शहराने फार उशिरा बघितलं. गोवा मुक्ती संग्रामात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मोजक्या खाणावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सावकाराच्या जबर व्याजातून सुटून या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं, हा त्यामागचा हेतू. १८५६ मध्ये पहिली गिरणी चालू झाली आणि कामगाराला जेवू घालणारी बाई 'व्यवसाय करणारी' म्हणून बँकेच्या दारात उभी राहिली १९७५ नंतर. मधली जवळपास १२० वर्षं ती हिशोबातच नव्हती.

नवीन माणसाचं रुळणं अनेकदा कोणाच्या तरी न मोजलेल्या कष्टावर उभं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गिरणीच्या दारात

राहायला गाळा, जेवायला खाणावळ. आता काम.

सकाळी भोंगा वाजतो. तुमचा चुलता तुम्हाला घेऊन गिरणीच्या दाराशी जातो. तिथे तुमच्यासारखे कितीतरी जण उभे आहेत. यांना म्हणायचे बदली कामगार. कायम कामगारांपैकी जो आज आला नाही, त्याच्या जागी एका दिवसापुरतं काम. कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम. बायकांच्या खात्यात हेच काम करणारी असायची नायकीण. त्या काळात गिरणीतल्या दर पाच कामगारांमध्ये साधारण एक बाई होती.

हा जॉबर बहुतेक वेळा तुमच्याच मुलखातला. त्यानेच माणसं गावाहून आणायची, कामाला लावायची, अडीनडीला उसने पैसे द्यायचे, आणि त्या बदल्यात दस्तुरी घ्यायची. दस्तुरी म्हणजे काय ते कळलं असेलच. पगारातला वाटा, दिवाळीची भेट, कधी नुसतंच 'साहेब, साहेब' करणं. म्हणजे ज्या ओळखीने दार उघडलं, तीच ओळख पुढे मानेवर बसली. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्ड द्यायची पद्धत आणली, आणि जॉबरच्या मनमानीला थोडा लगाम बसला.

पण १९२६ मध्ये तुम्ही दारात उभे आहात. चुलता जॉबरच्या कानाशी लागतो, "आपल्या गावचा आहे, कामाला वाघ आहे." आणि तुम्ही आत जाता. कापसाच्या उडणाऱ्या तंतूंत, यंत्रांच्या अशा आवाजात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहिले काही दिवस तुम्ही काम खुणांनीच शिकता.

नोकरी मिळाली, आता शहर आपलं झालं, असं वाटतंय ना? इथेच गोष्ट अवघड होते.

सगळ्यांसाठी न उघडलेलं दार

मघापासून मी म्हणतोय, "तुम्ही" दारात पोचलात, "तुम्हाला" आत घेतलं. पण हे "तुम्ही" कोण, हे मी सांगितलंच नाही. आता सांगायला हवं.

त्याच बोटीतून, त्याच जिल्ह्यातून, त्याच गावातून आणखी एक १८ वर्षांचा मुलगा आलाय. तो गावाच्या महारवाड्यातला. गावाची खोली 'गावाची' असली तरी त्याला तिथे जागा नाही. तो जातो त्याच्या माणसांच्या चाळीत, त्याच्या माणसांच्या आधाराने. गिरणीत त्याला काम मिळतं, पण साचाखात्यात नाही. साचे म्हणजे माग. कापड विणलं जातं ते खातं. तिथे पगार चांगला. आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत.

कारण काय, तर थुंकी. धोट्यातलं सूत संपलं की विणकर नवी कांडी घालायचा आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. यंत्र विलायतेचं, भांडवल शेठजींचं, शहर नवंकोरं, आणि विटाळ मात्र गावाकडचा, जसाच्या तसा. गाव सोडताना गावाचा तुकडा बरोबर आला असं मी मघाशी कौतुकाने म्हटलं. हाही त्याच तुकड्यातला भाग होता.

१९२८ मध्ये गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. त्या वेळी हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उघडपणे पुढे आणला. कामगारांची एकजूट म्हणता, तर मग साचाखात्याचं दार सगळ्यांना का उघडं नाही? लक्षात घ्या, हे विचारणाऱ्या माणसाचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलंच. आणि तो हे दुरून विचारत नव्हता. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेले बाबासाहेब तेव्हा अनेक वर्षं परळच्या बीआयटी चाळीतल्या लहानशा खोल्यांत राहत होते. म्हणजे गिरणगावातच.

माझ्या मते आजच्या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. नवीन शहरात माणूस एकटा रुळत नाही, त्याला रुळवणारी एक व्यवस्था असते. खोली, जेवण, कामावर चिकटवणारी ओळख. पण या व्यवस्थेला दार असतं, आणि दारावर कोणीतरी उभा असतो. ज्याला आत घेतलं त्याला ते दार दिसतही नाही. त्याला वाटतं, आपण कष्टाने रुळलो. कष्ट तर दोघांनीही केलेले असतात.

'आपलं' होत जाणं

बरं, आता रविवारकडे वळूया. गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली आणि या सुट्टीसाठी कितीतरी वर्षं लढा दिला. रुळायला वेळ लागतो असं आपण म्हणतो. गिरणगावात हा वेळ अक्षरशः लढून मिळवावा लागला होता.

या मोकळ्या वेळात गिरणगाव खऱ्या अर्थाने गाव झालं. चाळीत भजनी मंडळं जमली. कोकणातलं नमन, दशावतार, शक्ती-तुरा मुंबईत आलं. घाटावरचा तमाशा आणि लावणी आली. आखाडे झाले, कुस्त्या झाल्या. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. याच संस्थेचं परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये उभं राहिलं, आणि दिवसा गिरणीत राबणारा माणूस रात्री तिथे तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभा राहू लागला. तुमचा आवडता लालबागचा राजा १९३४ पासूनचा, तोही याच वस्तीतला.

यातून एक मजेशीर गोष्ट झाली. गावात असताना माणूस 'कोकणातला' नसतो, तो फक्त आपल्या वाडीतला असतो. मुंबईत येऊन तो 'कोकणी' झाला, आणि सह्याद्रीपलीकडचा 'घाटी' झाला. ही नावं एकमेकांना चिडवायला वापरली जायची. तेलंगणाकडून आलेल्या मजुरांवरून कामाठीपुरा हे नाव पडलं, उत्तरेकडच्या मुसलमान विणकरांनी मदनपुरा वसवला. एकाच रस्त्यावर चार भाषा. चाळीच्या नळावर भांडणं, आणि त्याच नळावर एकमेकींच्या भाषेतले शब्द शिकणं.

आणि ही सगळी माणसं गाव विसरली होती का? मुळीच नाही. दर महिन्याला मनीऑर्डर जायची. 'मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा' ही रत्नागिरीची ओळख त्यातूनच झाली. गणपतीला आणि शिमग्याला गावी जायचं म्हणजे जायचंच. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत यांसाठी मुंबईच्या मंडळाची वर्गणी यायची. एक पाय इथे, एक तिथे.

आज आपल्याला कोणी विचारतं, "तू अजून गावाच्याच लोकांत राहतोस? मिसळत कसा नाहीस?" तेव्हा असं वाटतं की जुनं सोडल्याशिवाय नवं जमत नाही. गिरणगावाचा अनुभव थोडा वेगळा आहे. इथे माणसं गावाचा हात धरून शहरात उतरली. पाठीमागे घर पक्कं होतं, म्हणून पुढचं पाऊल टाकता आलं.

१९८२: भोंगा थांबला तेव्हा

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप वर्ष उलटून गेलं तरी चालला. त्याची कहाणी आपण वेगळ्या भागात ऐकू. आज एवढंच बघू, की या काळात माणसं टिकली कशी?

जुन्याच आधारांवर. कितीतरी कामगार गावी गेले, शेतात राबले. एवढी वर्षं पाठवलेल्या मनीऑर्डरी एका अर्थी आता परत येत होत्या, तांदळाच्या रूपात. मुंबईत राहिलेल्यांच्या घरी बायकांनी कामं धरली: धुणीभांडी, शिवण, पोळ्या लाटणं. आणि खाणावळवाली? तिचे पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे. पगारच नाही म्हटल्यावर तिची उधारी सगळ्यात आधी अडकली. मघाशी म्हटलं होतं ना, न मोजलेले कष्ट? संपाच्या नुकसानीचे आकडे निघाले ते गिरण्यांचे आणि पगारांचे. तिच्या वहीतले आकडे कुठल्या अहवालात यायला फारशी वाटच नव्हती.

पुढे बहुतेक गिरण्या बंद पडल्या. जमिनींवर टॉवर आले. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि रेस्टॉरंट आली. काही गावांच्या खोल्या अजून आहेत, काही कूडही आहेत, पण पुनर्विकासात एकेक कमी होतायत. १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी कितीतरी पाडून तिथे उंच इमारती येतायत.

आणि आज?

आज त्याच लोअर परळमध्ये सकाळी स्टेशनवरून लाटेसारखी तरुण मुलं-मुली बाहेर पडतात. गळ्यात आयडी कार्ड. नांदेडहून आलेली, जळगावहून आलेली, पाटण्याहून, इंफाळहून आलेली. त्यांतल्या कोणाचीतरी कालच या शहरातली पहिली रात्र झाली असेल. कोणीतरी बॅगेतल्या चकल्या खाऊन "हो, जेवलो" म्हणालं असेल.

आपल्याकडे आता ॲप आहेत. खोली ॲपवर मिळते, जेवण ॲपवर, कामही ॲपवर. गाळ्यातली पाळत नको, जॉबरची दस्तुरी नको, जात विचारणारं दार तर नकोच नको. या सगळ्यातून सुटका झाली असेल तर चांगलंच आहे. पण झाली आहे का? आडनाव ऐकून, धर्म ऐकून, 'नॉनव्हेज खाता का' विचारून घर नाकारलं जाणं आजही तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. म्हणजे दार अजून आहे. फक्त आत गेल्यावर "जेवलंस?" विचारणारा माणूस राहिला नाही. गाळ्यातली वाईट गोष्ट आपण ठेवली आणि चांगली हरवली, असं तर झालं नाही ना?

गिरणगावात जो आज 'जुना' होता, तो काही वर्षांपूर्वी स्वतः ट्रंक घेऊन उतरला होता. त्याच्यासाठी कोणीतरी आपली वळकटी दोन वीत सरकवली होती, म्हणून तो पुढच्यासाठी सरकवायचा. रुळणं म्हणजे एवढंच होतं, कोणीतरी सरकून दिलेली दोन वीत जागा. आणि ज्याच्यासाठी कोणी सरकलं नाही, त्याला ती भांडून घ्यावी लागली.

म्हणून आजच्या भागाच्या शेवटी एक छोटंसं काम. तुम्ही नवीन असाल, अजून रुळला नसाल, तर स्वतःला दोष देऊ नका. तुम्हाला जागा करून देणारं माणूस अजून भेटलेलं नाही, इतकंच. आणि तुम्ही जुने झाला असाल, तर उद्या ऑफिसात, कॉलेजात, पीजीत बघा. कोपऱ्यात कोणीतरी नवीन बसलेलं असेल. कुठल्या गावचा, कुठल्या आडनावाचा, हे नंतर. आधी विचारा, "जेवलास का?"

आणि तो "हो" म्हणाला, तरी एकदा परत विचारा.

तुमच्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी गाळ्यात राहिलं असेल, आजीने खाणावळ चालवली असेल, तर आज त्यांना फोन करा. खोली कुठे होती, भाडं किती होतं, पहिल्या दिवशी कोणी जेवू घातलं, एवढं तरी विचारून घ्या. हा इतिहास पुस्तकांत फार थोडा आहे, घराघरात बराच आहे, आणि सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार!